त्रिक, तिकटी आणि बिचारं माकडहाड

एका वाचकाचा प्रश्न: 'बाळंतपणानंतर वहिनीला ताप येत होता आणि उजवा कुल्ला इतका दुखे की पाय टेकवेना. एमआरआयच्या रिपोर्टात "सेप्टिक सॅक्रोइलायटिस" आलं आहे. घरात सगळे "माकडहाडाला पू झाला" म्हणतात. हे बरोबर आहे का? मराठी शब्द कोणता?'

बरोबर नाही, आणि हे मी आता इतक्यांदा ऐकलंय की माकडहाडाची दया येते. कंबरेखालच्या प्रत्येक दुखण्याचं खापर एक तर त्याच्यावर फुटतं, नाहीतर 'मणक्यातल्या गॅप'वर. माकडहाड म्हणजे कण्याचं अगदी शेवटचं, शेपटीच्या जागेचं टोक. जिन्यावरून घसरून बुडावर आपटलात की जे कळवळतं ते. वहिनींचं दुखणं त्याच्या वर आणि बाजूला आहे. पाठीवर कंबरेखाली दोन खळ्या असतात ना, तिथे दोन अंगठे ठेवा. त्यांच्या खाली, आत खोलवर, कण्याचा तळ आणि कुल्ल्यांची हाडं जुळतात ते दोन सॅक्रोइलियाक सांधे आहेत. सॅक्रोइलायटिस होतो तो यांना.

दुसरं, 'आयटिस' म्हणजे इन्फेक्शन नव्हे. आयटिस म्हणजे दाह. कण्याच्या संधिवातात हेच सांधे जंतूंशिवाय सुजतात, बहुधा दोन्हीकडचे. जंतू शिरले की बहुधा एकाच बाजूचा. म्हणून रिपोर्टातला 'सेप्टिक' हा शब्द गाळू नका, सगळा अर्थ त्यात आहे.

आता शब्द. पाठ्यपुस्तकी मराठीत 'त्रिक-श्रोणिफलक संधी' असलं काहीतरी भेटतं. घडवणाऱ्यांनी तो एकदा दुखणाऱ्या माणसाकडून म्हणवून घ्यावा. आणि गरजच काय? संस्कृत वैद्यकग्रंथांत व्याख्याच अशी येते की कुल्ल्यांची दोन हाडं आणि पाठीचा कणा यांचा जिथे सांधा, ते त्रिक. म्हणजे त्रिक हे मुळात हाडाचं नाव नाही, भेटीच्या जागेचं आहे! आपण त्याला 'अस्थि' चिकटवून हाड केलं आणि मग सांध्यासाठी नवा शब्द शोधत बसलो.

हा त्रिक तुम्ही लहानपणी घोकलाय. बे त्रिक सहा, बे चोक आठ. चोक म्हणजे चतुष्क, त्याचाच चउक्क, त्याचाच आपला चौक. चार रस्ते भेटले की चौक, तसे तीन भेटले की त्रिक. संस्कृतात हा अर्थ आहेच, आणि जैनांच्या अर्धमागधी आगमग्रंथांत नगराचं वर्णन आलं की 'सिंघाडग-तिग-चउक्क-चच्चर' अशी माळ हमखास येते. त्यातला तिग तो हाच. मग चौक मराठीत उरला आणि तिग कुठे गेला? माझं म्हणणं, तो कोल्हापुरात आहे. पापाची तिकटी! तिकटी म्हणजे तीन रस्ते भेटतात ती जागा. (कोकणात त्यालाच तिठा म्हणतात, त्याचं कूळ वेगळं.) माझे एक व्याकरणप्रेमी स्नेही तिकटी 'त्रिकाष्ठा'वरून आणतात. फटके मारायला बांधायची तीन लाकडांची तिकटी असे, तिच्यापुरतं मला मान्य आहे. पण रस्त्यांना लाकडं कुठली? ते म्हणतात, मग तुमच्या त्रिकात 'ट' कुठला? ही चर्चा आमच्यात पाच वर्षं चालू आहे.

पण दुखणं समजायला तिकटीच बरी. तिथे गोंगाट झाला की कुठल्या रस्त्यावरून आला ते कळत नाही. या सांध्यातली कळ कुल्ल्यात, मांडीत, कधी ओटीपोटातही जाणवते, म्हणून खुब्याचा आजार, सायटिका, क्वचित अपेंडिक्ससुद्धा वाटतो. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. सांध्यात जंतू शिरण्याच्या एकूण प्रकारांत याचा वाटा १ ते २ टक्के, म्हणून चटकन आठवतही नाही. उताणं झोपवून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून तो गुडघा खाली दाबतात, इंग्रजी चारचा आकडा होतो. (मराठी ४ करायला जाऊ नका, वेगळाच डॉक्टर लागेल.) त्यात कळ आली तर संशय, पक्कं होतं ते एमआरआयवर. जंतू कोणता ते रक्ताच्या कल्चरवरून (रक्तातले जंतू वाढवून बघतात ती तपासणी), नाहीतर सुईने पू काढून. बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस, पण आपल्याकडे क्षयही असतो, आणि धारोष्ण दूध पिणाऱ्यांत ब्रुसेला. ते आधी ओळखावं लागतं, कारण औषधं निराळी आणि क्षयाची तर कित्येक महिने.

हं, तुमचा प्रश्न राहिलाच. 'उजव्या त्रिकसंधीचा जंतुसंसर्ग' म्हणा. त्रिक म्हणजेच सांधा असताना पुढे पुन्हा 'संधी' कशाला, असं स्नेह्यांनी विचारलंच. पण 'लेडीज बायका' म्हणणाऱ्या भाषेत एवढं चालतं. त्यांनी आधी तिकटीवरचे रस्ते लाकडाचे करून दाखवावेत.