ही पाकोळी कोणती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

संध्याकाळी आमच्या इमारतीभोवती पाकोळ्या गिरक्या घेतात. आई म्हणते पक्षी, शेजारचे काका म्हणतात वटवाघळे. बरोबर कोण? (मुलुंड)

दोघेही बरोबर असतील. मराठीत पाकोळी हा शब्द पक्ष्यालाही चालतो आणि लहान वटवाघळालाही, आणि दिवेलागणीला काही मिनिटे दोघे एकाच आभाळात असतात. पक्ष्याचे पंख कोयत्यासारखे ताठ असतात. तो मध्येच पंख न हलवता तरंगतो आणि थव्यात चिरचिरतो. वटवाघळाचे पंख सतत फडफडत राहतात आणि ते उडता उडता झटक्यात दिशा बदलते.

एसीच्या मागे अंगठ्याएवढे तपकिरी वटवाघूळ सापडले. फोटो पाठवतोय, जात सांगाल का? (बोरिवली)

फोटो छान स्वच्छ आहे, त्यामुळे निम्मे उत्तर खात्रीने देते. नाक साधे आहे, त्यावर पानासारखी कातडी नाही. कानाच्या तोंडाशी एक बुटकी, गोल टोकाची पाळी दिसते. शेपटी जवळजवळ पूर्ण पायांमधल्या पडद्यात गुंडाळलेली आहे. म्हणजे हे पिपिस्ट्रेल गटातले, किडे खाणारे वटवाघूळ.

पुढचे निम्मे उत्तर फोटोवरून देणार नाही. आपल्याकडे या गटातल्या तीन जाती नेहमी एकमेकींत मिसळल्या जातात: टेनुइस, कोरोमांड्रा आणि सिलोनिकस. अभ्यासक कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड मोजतात. सिलोनिकसचे साधारण 33 ते 42 मिलिमीटर भरते, ती त्यातल्या त्यात सुटी करता येते. टेनुइसचे 25 ते 30 आणि कोरोमांड्राचे 25 ते 34, म्हणजे 28 मिलिमीटर भरले तर दोन्ही शक्यता उरतात. मग दात, कवटी, नराच्या लिंगातले बारीक हाड, इथपर्यंत जावे लागते. टेनुइसचे वजन दोन-तीन ग्रॅम, अर्ध्या चमचा साखरेइतके! एवढ्याशा जिवाला नावासाठी हाताळू नका. ‘पिपिस्ट्रेल, जात अनिश्चित’ ही नोंद अर्धवट नाही, ती खरी नोंद आहे.

घाईने दिलेले नाव किती काळ टिकते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. 1948 साली निसर्ग अभ्यासक अँगस हटन यांनी तमिळनाडूच्या डोंगरांत पकडलेले एक फलाहारी वटवाघूळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात नेहमीच्या आखूड नाकाच्या जातीचे म्हणून पडून होते. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी ते बारकाईने तपासले, तेव्हा ती जातच काय, तिची प्रजाती, म्हणजे जातीच्या वरचा गटही (genus), विज्ञानाला नवी निघाली. 1972 मध्ये तिला सलीम अलींचे नाव मिळाले. चोवीस वर्षे ती चुकीच्या चिठ्ठीखाली होती.

आणि हो, उघड्या हाताने उचलू नका. चावले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा.

कान्हेरीच्या लेण्यात छताला लटकलेल्या वटवाघळांच्या नाकावर चुणीदार कातडी दिसली. तिचे काम काय? त्यावरून जात ओळखता येते का? (गोरेगाव)

येते, आणि मला या गटात सर्वांत आवडणारा भाग हाच. ही वटवाघळे तोंडाऐवजी नाकपुड्यांतून आवाज सोडतात आणि नाकावरचे पान त्या आवाजाला दिशा देते. हिपोसिडेरॉस गटात मुख्य पानाच्या दोन्ही बाजूंना आणखी बारीक पाकळ्या असतात, त्या मोजायच्या: प्रत्येक बाजूला तीन असतील तर बहुधा स्पीओरिस, चार असतील आणि प्राणी चांगला मोठा असेल तर लंकाडिवा, एकही नसेल आणि कान मोठे गोलसर असतील तर फुल्वस. पानाचे वरचे टोक भाल्यासारखे निमुळते असेल, तर गटच वेगळा, नालनाक्या वटवाघळांचा.

पाकळ्या मोजायला दुर्बीण न्या. फ्लॅश मात्र नको. पिल्ले आईला बिलगलेली असतात, दचकून उडालेल्या मादीचे पिल्लू खाली पडते.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ओळखता येईल? (दादर)

नुसत्या मोबाइलवर नाही. माणसाला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि फोनचा माइकही साधारण तेवढ्यापुरताच बनवलेला असतो. पिपिस्ट्रेलचा आवाज 40च्या आसपास किंवा वर असतो. त्यासाठी अल्ट्रासाउंड माइक जोडावा लागतो. तेव्हाही ॲपने सुचवलेले नाव लगेच स्वीकारू नका, कारण तेच वटवाघूळ मोकळ्या मैदानावर एक आवाज काढते आणि भिंतीजवळ आल्यावर दुसरा.

गावी केळीच्या वाळक्या पानात केशरी-काळ्या पंखांचे इवलेसे वटवाघूळ दिसले. खरेच असे असते? (गिरगाव)

असते! वर्णन केरिव्हूला पिक्टाशी, म्हणजे रंगीत वटवाघळाशी जुळते. पंखांवर काळे पट्टे आणि बोटांच्या हाडांलगत केशरी रेघा, कान नरसाळ्यासारखे, अंगावर लोकरीसारखी केसाळ फर. वाळक्या केळीच्या पानात ते एखाद्या सुकलेल्या तुकड्यासारखेच दिसते, म्हणून समोर असूनही सुटते. याच रंगापायी ही वटवाघळे मारून, वाळवून काचेच्या चौकटीत ऑनलाइन विकली जातात, हे पाहून जीव तुटतो. फोटो असेल तर मला पाठवा, पण गावाचे आणि बागेचे नाव कुठेही जाहीर करू नका. आणि घरच्यांना सांगा, केळीची वाळकी पाने तोडण्याआधी आत एकदा डोकावून बघा.