मालक कोण ते सांगता येईना तर सही करू नको

अरे, तुझी मेल वाचली. लिनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हरचा तो पॅच (कोडमधला बदल) सिनियरचा आहे, कंपाइल होतोय, टेस्ट पास झाल्यात, उलट ओळी कमीच झाल्यात, आणि तरी रिव्ह्यूड-बाय, म्हणजे तपासल्याची सही, द्यायला तुझा हात धजावत नाहीये कारण नेमकं काय खटकतंय तेच सांगता येत नाही. मी पॅच उघडून बघितला. तुझं खटकणं बरोबर आहे, फक्त तू भलतीकडे शोधतोयस. लॉक बघितलेस, एरर कोड बघितलेस, स्टाइलसुद्धा बघितलीस, पण एक प्रश्न विचारलाच नाहीस. या ओळीला ही वस्तू कोणाच्या ताब्यात आहे, आणि सोडणार कोण?

बघ काय झालंय. आधी रिमूव्हमध्ये, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, पहिल्यांदा फ्री_आयआरक्यू व्हायचं, म्हणजे इंटरप्ट (डिव्हाइसची हाक) आल्यावर चालणारं फंक्शन, हँडलर, काढलं जायचं, आणि मग डिस्क्रिप्टर रिंगची, म्हणजे डिव्हाइसला दिलेल्या कामांच्या यादीची, मेमरी सुटायची. सिनियरने प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू टाकलं आणि फ्री_आयआरक्यूची ओळ उडवली. दिसायला एकदम स्वच्छ. पण रिंग अजून हातानेच सोडतोय ना तो! डेव्हएमने, म्हणजे घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणाऱ्या कर्नलच्या सोयीने, घेतलेलं सुटतं कधी, तर रिमूव्ह पूर्ण संपल्यावर, ज्या क्रमाने घेतलं त्याच्या उलट. म्हणजे रिंग गेली आणि हँडलर अजून रजिस्टर्डच. मधल्या वेळात इंटरप्ट आला, आपला नाहीतर त्याच लाइनवरच्या दुसऱ्या डिव्हाइसचा, की हँडलर सोडून दिलेल्या मेमरीत हात घालणार. टेस्टमध्ये हे कसं सापडेल? मॉड्यूल लोड केलं, ट्रॅफिक चालवलं, झालं, ट्रॅफिक चालू असताना अनबाइंड, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून वेगळा, कोण करून बघतं?

डेव्हएम कर्नलमध्ये 2007 पासून आहे आणि मला ते मनापासून आवडतं, प्रोबच्या एरर पाथमधले लीक त्याने खूप कमी केले. पण डेव्हएम आलं म्हणजे मालकीचा विचार संपला असं जे धरून चालतात ना, तिथे माझं डोकं फिरतं. अर्धं डेव्हएमकडे आणि अर्धं तुझ्या हातात असेल तर विचार दुप्पट करावा लागतो. सगळं त्याच्याकडे दे आणि रिंग इंटरप्टच्या आधी घे, नाहीतर सगळं हाताने सोड.

आणि मालक म्हणजे फक्त कोडच असं नाही, हार्डवेअरपण मालक असतं. डीएमए म्हणजे डिव्हाइसने सीपीयूला मध्ये न घेता मेमरी वाचणं-लिहिणं. डीएमए_मॅप_सिंगल केलंस की तो बफर डिव्हाइसचा झाला, अनमॅप किंवा सिंक करेपर्यंत सीपीयूने त्याला शिवायचं नाही. रिंगचंही तेच, नुसता इंटरप्ट काढून भागत नाही, डिव्हाइसचं डीएमए इंजिन थांबल्याशिवाय रिंग सोडायची नाही, कारण तो पत्ता अजून त्याच्या रजिस्टरमध्ये आहे आणि तुझं फ्री त्याला कोणी कळवत नाही. एक्स८६ वर बफरची चूक खपून जाते कारण तिथे कॅश सहसा कोहेरंट असतात, म्हणजे सीपीयूला आणि डिव्हाइसला मेमरी सारखीच दिसते, एखाद्या एआरएम बोर्डावर तोच ड्रायव्हर कचरा वाचतो आणि मग लोक बोर्डाला शिव्या घालतात.

एरर आली म्हणजे हातात काही आलंच नाही, हेही गृहीत धरू नको. डिव्हाइसला जागं करणारं पीएम_रनटाइम_गेट_सिंक फेल झालं तरी त्याच्या वापराचा काउंट वाढलेलाच असतो, पुट तुलाच करावा लागतो. इतक्या जणांनी तो विसरला की 2020 मध्ये पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आणावं लागलं, ते फेल झालं तर काउंट स्वतःच परत खाली आणतं. डिव्हाइस_रजिस्टर फेल झालं तर केफ्रीने मेमरी थेट सोडायची नाही, पुट_डिव्हाइसने फक्त आपला हक्क सोडायचा. दरवेळी मालक कोण, दरवेळी!

तू लिहिलंयस की प्रश्न विचारला तर तो दुखावेल. दुखावेल, मी कशाला खोटं सांगू. माझ्या या हट्टापायी एकदा एक रिलीज पुढे गेला आणि माझा एक चांगला सहकारी माझ्याशी बोलायचा बंद झाला, तो अजून बोलत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण तो पॅच आज परत समोर आला तरी मी तोच प्रश्न विचारेन. रिव्ह्यूड-बाय म्हणजे पॅच घेण्याच्या आड येईल असा मला माहीत असलेला कुठलाही दोष यात शिल्लक नाही असं आपण आपल्या नावानिशी लिहून देतो, कोणाला बरं वाटावं म्हणून नाही देत. 2021 चं मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण आठव. वरून किरकोळ दुरुस्ती आणि आतून यूज-आफ्टर-फ्री (सोडलेली मेमरी वापरण्याची चूक), असले पॅच मुद्दाम पाठवले होते, रिव्ह्यूत पकडले जातात का ते बघायला. त्यांनी केलं ते चूकच होतं आणि लोक भडकले ते योग्यच. पण त्यांना हीच जागा का निवडावीशी वाटली, याचा विचार आपण रिव्ह्यू करणाऱ्यांनी करायला नको का? मला तेव्हा सगळे किचकट म्हणायचे, म्हणू देत.

आता उद्या काय करायचं. केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) आणि कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू चालू करून कर्नल बिल्ड कर. हा ड्रायव्हर लाइन शेअर्ड घेतो, त्यामुळे डीबग_एसएचआयआरक्यूचा ऑप्शन हँडलर काढताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देतो. मग सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग्जच्या फाइलींमधून) अनबाइंड कर. हँडलर रिंगला हात लावत असेल तर बहुधा रिपोर्ट येईल, तो जसाच्या तसा रिप्लायमध्ये चिकटव आणि खाली एकच ओळ लिही, रिमूव्हमध्ये रिंग सुटल्यानंतर इंटरप्ट कोणाच्या ताब्यात आहे? माफी वगैरे मागत बसू नको. उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर, आणि रिपोर्ट आलाच नाही तरी फोन कर, हँडलर आपण दोघं मिळून वाचू.