सांगलीत नवीन घरासाठी फर्निचर सुताराकडून करून घ्यावं की तयार मॉड्युलर? डिझाइनचा घराला खरंच काही उपयोग असतो का?

सांगलीचा कुठला भाग ते लिहिलं नाहीत. गावभाग, म्हणजे नदीकाठचा पुराचा भाग, धरून सांगते. रंग आणि सनमायका नंतर बघा, आधी हे कपाट दोन माणसांना जिन्यावरून वर नेता येईल का ते बघा. डिझाइनचा उपयोग विचारलात ना, तो हाच.

आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळचं सागवानी कपाट आहे. खालच्या खणांवर वरचा भाग नुसता खोबणीत बसवलेला. पलंगही तसाच, पाचरी ठोकून काढल्या की गाते (बाजूच्या पट्ट्या) आणि खूर (पाय) सुटे. धाकट्या भाऊजींचं म्हणणं, हे सगळं जुनाट, खोली अंधारी करतं. त्यांनी आपल्या खोलीत भिंतभर पार्टिकल बोर्डचं वॉर्डरोब ठोकून घेतलं. दिसायला देखणं होतं, नाही म्हणत नाही.

ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गल्लीत पाणी शिरल्यावर ह्यांनी आणि मी पलंग सुटा करून माडीवर नेला, कपाटाचा वरचा भागही नेला. खालचे खण तेवढे राहिले. भाऊजी भिंतीत ठोकलेलं काय हलवणार? कपडे काढले, बस्स. पाणी ओसरलं तेव्हा त्याची दारं पावासारखी फुगलेली, बिजागरी ओढली की स्क्रूसकट ओला भुसा हातात. चुरा आणि गोंद दाबून केलेली ती फळी, एकदा फुगली की परत बसत नाही. आमचे खण चिखल धुऊन सावलीत वाळवले (उन्हात ठेवलं तर सागवानसुद्धा तडकतं). बरेच दिवस अडकून बसायचे, दिवाळीच्या सुमारास सरळ उघडायला लागले.

भाऊजी म्हणाले, "पुरात कुणाचं काय टिकतं, वहिनी?" अहो, टिकलं की, तुमच्या डोळ्यांसमोर उभं आहे! २००५ लाही टिकलं होतं.

तर सुताराकडूनच करून घ्या. प्लायवूड वापरलंत तर आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का बघूनच. त्याचा गोंद ७२ तास पाण्यात उकळून तपासतात. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर यातलं निम्मं सोडून द्या, मॉड्युलरही चालेल. सागवान महाग पडतं हेही खरंच, पण जुन्या वाड्याचं लाकूड मिळतंय का ते विचारून बघा.

भाऊजींनी पुरानंतर परत भिंतभरच करून घेतलंय. तुम्ही सुताराला पहिल्याच दिवशी बजावा, एकही स्क्रू भिंतीत जाता कामा नये.