सुटायची वेळ आधी लिहून घे

दुकानात नोकरी धरून रात्रशाळेतून दहावीला बसतोयस हे कळलं, फार बरं वाटलं. पण शेठ ‘सहाला सोडीन’ म्हणाले, एवढ्यावर विसंबू नकोस. मी विसंबलो होतो. दिवाळीच्या महिन्यात दुकानातून निघायला रोज नऊ वाजायचे. गणिताचे तास बुडाले ते बुडालेच. कामावर लागण्याआधीच शाळेचं वेळापत्रक दाखव आणि सुटायची वेळ, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घे. मोठ्या दुकानांत आठवड्याला ४८ तासांवर काम झालं तर कायद्याने दुप्पट दर मिळतो, पण तुला संध्याकाळ हवी आहे, हे स्पष्ट सांग. रोज किती वाजता सुटलास ते वहीत टिपत जा. पहिल्यांदा उशीर होईल त्याच दिवशी बोल. एकट्याला जड गेलं तर वर्गशिक्षकांना सोबत ने.