वाचकांचे प्रश्न : सागवानी झडपा आणि जवसाचे तेल

प्रश्न : चिपळूणजवळच्या आमच्या जुन्या घराच्या सागवानी झडपांना बारा वर्षांत तीनदा ऑइलपेंट दिला, तरी दुसऱ्या पावसाळ्यानंतर पोपडे सुटतात. नुसते जवसाचे तेल लावले तर चालेल काय?

उत्तर : नुसते तेल लावू नये. कोकणच्या दमट हवेत उघड्या तेलावर बुरशी धरते आणि दोन पावसाळ्यांत लाकूड काळे पडते. शिवाय उन्हापासून संरक्षण मिळते ते मुख्यतः रंगद्रव्यामुळे. म्हणून जवसाच्या तेलात घोटलेला रंग निवडावा. पूर्वी त्यासाठी काव, म्हणजे तांबडी माती, वापरत. झिंक ऑक्साइड असलेला रंग बुरशीला अधिक दाद देत नाही.

पोपडे सुटण्याचे कारण असे, की पावसात लाकूड फुगते, उन्हात आकसते आणि साचलेला जाड, कडक थर त्याबरोबर हलत नाही. मग भेगांतून आत शिरलेले पाणी त्याच थराखाली अडकून राहते. तेव्हा आधी पागोळ्यांचे पाणी झडपांवर येते का, ते पाहावे. ते येत असेल, तर कोणताही रंग टिकणार नाही.

सैल झालेला थर खरवडताना कोरडा पॉलिशपेपर मारू नये. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आली ती २०१७ मध्ये, त्यामुळे जुन्या थरांत शिसे असणे सहज शक्य आहे. पाणी शिंपडून खरवडावे, मुलांना दूर ठेवावे. कुजलेला भाग काढून तेथे सागाचाच तुकडा बसवावा. बारीक भेगांत खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली लांबी (पुट्टी) भरावी. सागात स्वतःचे तेल असते व त्यामुळे रंग सुकण्यास उशीर होतो, म्हणून पृष्ठभाग टर्पेंटाइनने पुसून घ्यावा.

काम दिवाळीनंतर, लाकूड पुरते वाळल्यावर काढावे. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेला असावा आणि पुढचे दोन हात ब्रशने ताणून अगदी पातळ द्यावेत. हे तेल उडून जाऊन नव्हे, तर हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि सुरकुततो. रंगारी घाई करतील, पण दोन हातांमध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत.

तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात. त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. पुढे काही वर्षांनी रंग भुकटीसारखा हाताला लागू लागला, की तो न खरवडता धुऊन, वाळवून तेलाचा पातळ हात फिरवला तरी पुरतो.