कोच व्हायचंय? मग केसी मार्टिनकडे बघ

व्यावसायिक गोल्फच्या टूरवर जमेना, आता कॉलेजात गोल्फचं कोचिंग करावं का, असं तू विचारलंस. जरूर कर. पण ‘खेळाडू म्हणून हरलो’ हे मनात धरून जाऊ नकोस, पोरांना ते आठवडाभरात कळतं.

गोल्फपटू केसी मार्टिन स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघात टायगर वुड्सबरोबर खेळला. उजव्या पायाला जन्मापासूनचा रक्ताभिसरणाचा आजार, अठरा होल चालणं त्याला झेपायचं नाही. गोल्फ कार्ट वापरू द्या म्हणून तो पीजीए टूरशी, म्हणजे अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिका चालवणाऱ्या संस्थेशी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला आणि २००१ मध्ये ७-२ असा निकाल मिळवला. इतकं करूनही टूरवर पाय रोवता आले नाहीत. २००६ मध्ये तो ओरेगन विद्यापीठाचा कोच झाला. २०१६ मध्ये त्याच्या पोरांनी विद्यापीठाच्या गावी, युजीनला, घरच्या लोकांसमोर, एनसीएए म्हणजे अमेरिकी कॉलेजांचं अजिंक्यपद जिंकलं. मला त्याचं हे यश कोर्टातल्या विजयाइतकंच मोठं वाटतं.

कॉलेज गोल्फमध्ये संघाचे पाच जण उतरतात आणि चांगले चार स्कोअर धरतात. त्यामुळे ज्याचा दिवस वाईट चाललाय त्यालाही शेवटच्या होलपर्यंत सोडायचं नाही, कदाचित त्याचाच स्कोअर लागेल.

पार-थ्रीच्या, म्हणजे तीन फटक्यांच्या छोट्या होलच्या, टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) पोरगं सात आणि आठ नंबरच्या आयर्नमध्ये, कुठली काठी घ्यावी म्हणून, घुटमळत असतं, वारा तोंडावर. उत्तर तुझ्या जिभेवर असेल. तरी आधी विचार, ‘तुला काय वाटतं?’ मला हे शिकायला फार वर्षं लागली.

आणि सुरुवातीला सहाय्यक म्हणूनच लाग. नवी पोरं हेरणं, प्रवास, त्यांच्या परीक्षांच्या तारखा, हे सगळं तिथेच हाताखालून जातं.