वाचकांचे प्रश्न: अर्धवट अपडेट आणि बंद पडलेलं लिब्रेऑफिस

प्रश्न : ताई, मी परभणीला एम.एस्सी. कृषी करते. मावसभावाने लॅपटॉपवर आर्च लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. परीक्षेमुळे दीड महिना अपडेट केलं नव्हतं. परवा नकाशांचं एक सॉफ्टवेअर टाकायला गेले तर ‘४०४’, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, अशी चूक आली. एका व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून आधी पॅकमन, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा आर्चचा प्रोग्रॅम, ‘पॅकमन -एसवाय’ असा चालवला. सॉफ्टवेअर उतरलं, पण उघडेना. आयसीयू नावाच्या लायब्ररीची (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडची) नवी फाइल हवी म्हणालं. मग एकटं आयसीयू नवं केलं. आता नकाशे उघडतात, पण लिब्रेऑफिस उघडत नाही आणि माझा प्रबंध त्यातच आहे. फॉरमॅट मारू का?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : फॉरमॅट मारू नकोस. प्रबंध तुझ्या होम फोल्डरमध्ये जसाच्या तसा आहे, पॅकमन तिथे हात लावत नाही. तरी आधी त्याची पेन ड्राइव्हवर एक नक्कल काढून ठेव, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. मग लॅपटॉप चार्जिंगला लाव आणि ‘सुडो पॅकमन -एसवाययू’ चालव. त्यातला एस कॅपिटल, वाय आणि यू लहान. वाय सॉफ्टवेअरची यादी ताजी करतो, यू मशीनवरचं सगळं एकदम नवं करतो. दीड महिन्याचं साचलंय, उतरायला वेळ लागेल. पूर्ण होऊ दे, मग रीस्टार्ट कर. लिब्रेऑफिस उघडेल.

आता हे घडलं कसं ते सांगते, कारण तुझ्यासारखी पत्रं मला सारखी येतात.

आर्चला ‘आवृत्ती अमुक’ असं काही नसतं. २००२ पासून ते असंच चालत आलंय: एकदा टाकायचं आणि वाहत्या पाण्यासारखं पुढे नेत राहायचं. त्याची पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, ठेवलेली असतात ती भांडारं म्हणजे रेपो. मशीन सुरू होण्यापुरतं जे लागतं ते ‘कोअर’मध्ये, बाकी सगळं ‘एक्स्ट्रा’मध्ये, आणि ६४ बिटच्या मशीनवर ३२ बिटचं काही चालवायचं असेल तर ‘मल्टिलिब’. जुन्या लेखांत ‘कम्युनिटी’ नावाचा रेपो दिसेल; तो मे २०२३ मध्ये एक्स्ट्रात मिसळला, शोधू नकोस. कोअरचं नवं पॅकेज आधी टेस्टिंगच्या रेपोत ठेवतात, तिथून दुसऱ्यांनी तपासून ‘चालतंय’ म्हटल्यावर पुढे येतं.

जगभरचे मिरर, म्हणजे आपण जिथून उतरवतो ते सर्व्हर, या रेपोंची नक्कल ठेवतात. नेहमीच्या मिररवर प्रत्येक पॅकेजची फक्त ताजी प्रत असते. नवी आली की जुनी निघून जाते. तुझ्या लॅपटॉपमधली यादी दीड महिन्यापूर्वीची होती. त्या यादीप्रमाणे पॅकमन जुन्या नावाची फाइल मागायला गेला आणि ती तिथे उरलीच नव्हती. तुझी ‘४०४’ एवढीच होती. मिररचा त्यात दोष नव्हता, नेटचाही नव्हता.

चूक पुढे झाली. ‘-एसवाय’ने फक्त यादी ताजी झाली, मशीनवरची पॅकेजं जुनीच राहिली. आजच्या यादीतून एकटं नकाशांचं सॉफ्टवेअर आणलं. ते बांधलं गेलं होतं आजच्या आयसीयूवर, तुझ्याकडे होतं मागचं. म्हणून तू एकटं आयसीयू पुढे नेलंस, आणि जुन्या आयसीयूवर बांधलेलं लिब्रेऑफिस उघडं पडलं. जोडीतला एक बैल पुढे हाकायचा आणि दुसरा दावणीलाच ठेवायचा, मग तिफण चालणार कशी?

आयसीयू हे साधं पॅकेज नाही. युनिकोडची अक्षरं, त्यांचा क्रम, शब्द कुठे तोडायचा हे सगळं कितीतरी प्रोग्रॅम त्यालाच विचारतात, आपल्या देवनागरीचंही. वर्षातून साधारण दोनदा त्याची मोठी आवृत्ती येते आणि फाइलच्या नावातला आकडा बदलतो. आकडा बदलला की त्यावर उभं असलेलं प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधावं लागतं. आर्चची माणसं ते बांधतात आणि सगळा संच एकदमच रेपोत सोडतात. एवढी मेहनत घेऊन त्यांनी एकत्र जुळवलेलं आपण मधूनच एक उपसतो. काही पॅकेजांवर नेमका आकडा लिहिलेला असतो, तिथे पॅकमन आपल्याला अडवतो. पण सगळ्यांवर तो नसतो आणि तेव्हा तो गुपचूप काम करून मोकळा होतो.

माझ्याकडून हेच झालंय. उदगीरला माझं डीटीपीचं दुकान आहे. आमच्याकडे लग्नपत्रिका मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही लिप्यांत लागतात. ऐन वैशाखात इंकस्केपमधली एक नवी सोय हवी म्हणून मी एकटं इंकस्केप नवं केलं. दुसऱ्या मिनिटाला ते उघडेना. तेव्हा मला कारण कळलं नाही. मी एकेक लायब्ररी ओढत गेले आणि रात्री अकरापर्यंत पीडीएफ बघायचा प्रोग्रॅमही बंद पाडला. तीन घरांच्या पत्रिका सकाळी द्यायच्या होत्या. शेवटी शेजारच्या दुकानातल्या मशीनवर त्या पुन्हा जुळवल्या. त्या दिवसापासून माझ्या दुकानात यूशिवायचा ‘-एसवाय’ कुणी टाइप करत नाही.

एकच अपवाद आहे. मशीन वर्षभर बंद राहिलं तर पॅकेज बांधणाऱ्यांच्या डिजिटल सह्या मशीनमधल्या जुन्या किल्ल्यांशी (ज्यांनी सही खरी की खोटी ते ओळखतात) जुळत नाहीत आणि सगळंच ‘करप्ट’ म्हणून नाकारलं जातं. तेव्हा आधी ‘आर्चलिनक्स-कीरिंग’ हा किल्ल्यांचा जुडगा तेवढा नवा करायचा आणि लगेच, मध्ये दुसरं काहीही न टाकता, बाकी सगळं. या सह्या पॅकमनमध्ये २०११ पासून आहेत. त्यांच्यामुळेच कुठल्याही अनोळखी मिररवरून आपण निर्धास्तपणे पॅकेज घेऊ शकतो: मिररवाल्याने आत काही बदललं तर सही जुळणारच नाही. म्हणून सही जुळत नाही म्हणून तपासणीच बंद करा, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस.

हॉस्टेलवर नेट मोबाइलचंच असणार. ‘पॅकमन-कॉन्ट्रिब’ टाकून घे. त्यातला ‘चेकअपडेट्स’ काय काय नवं आलंय ते पॅकमनच्या यादीला धक्का न लावता दाखवतो आणि त्याला ‘-डी’ जोडलं तर पॅकेजं नुसती उतरवून ठेवतो. दिवसाचा उरलेला डेटा रात्री असा वापर, बसवायचं काम रविवारी निवांत कर. प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात मात्र काहीच करू नकोस. नवं काही टाकूही नकोस.

आणि वीज. अपडेट चालू असताना लाइट गेली आणि बॅटरीही दमली तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अर्धवट लिहिला जातो आणि मशीन सुरूच होत नाही. आर्चचा इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह म्हणूनच मी कायम खणात ठेवते. त्यावरून बूट करायचं, डिस्कवरचं आपलं विभाजन माउंट करायचं, म्हणजे जोडून घ्यायचं, ‘आर्च-क्रूट’ने आत शिरायचं आणि अपडेट पुन्हा चालवायचं. ‘डेटाबेस लॉक आहे’ असं दिसलं तर दुसरा पॅकमन खरोखर चालू नाही ना ते बघून मगच ती लॉकची फाइल काढायची.

प्रश्न : ताई, माझं सेवा केंद्र आहे. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आर्चवर चालावा म्हणून एयूआरमधून ड्रायव्हर घेतला. तो टाकताना मधे मधे ‘फाइल बघायची का’ असं विचारलं जातं, मी एंटर मारतो. यात धोका आहे का? आणि अपडेट केलं की गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह उघडत नाही, हे व्हायरसमुळे होतंय का?
— एक वाचक, अहमदपूर

उत्तर : भाऊ, धोका आहे, म्हणून एंटर मारणं आजपासून थांबवा. एयूआर हा आर्चचा अधिकृत रेपो नाही. तिथे कुणीही खातं उघडून पॅकेज कसं बांधायचं याची कृती ठेवू शकतं. तिला ‘पीकेजीबिल्ड’ म्हणतात, आणि ‘बघायची का’ विचारतात ती हीच फाइल. जुलै २०१८ मध्ये ‘अ‍ॅक्रोरीड’ नावाचं बेवारस पडलेलं पॅकेज एकाने आपल्याकडे घेतलं आणि कृतीत बाहेरून स्क्रिप्ट ओढून चालवणारी ओळ घातली. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या नावांची तीन पॅकेजं आली, ज्यांतून दुसऱ्याला तुमच्या मशीनचा ताबा मिळत होता. दोन दिवसांत ती काढली गेली, पण त्या दोन दिवसांत एंटर मारणाऱ्याचं काय? तुमच्या मशीनवर लोकांचे आधार आणि सातबारे उघडतात, त्यांच्यासाठी तरी वाचा.

काय वाचायचं? ‘सोर्स’च्या ओळीतला पत्ता कंपनीच्याच साइटचा आहे का ते. कुठे ‘कर्ल’ किंवा ‘डब्ल्यूगेट’ने तिसरीकडून काही आणलंय का ते. आणि सोबत ‘.इन्स्टॉल’ फाइल असेल तर ती नीट, कारण ती बसवताना रूटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, अधिकाराने चालते. एकदा वाचलं की पुढच्या वेळी फक्त बदललेल्या ओळी बघायच्या, पाच मिनिटंही लागत नाहीत. शिवाय मुख्य रेपोतल्या लायब्ररी पुढे गेल्या तरी एयूआरचं पॅकेज आपोआप पुन्हा बांधलं जात नाही. मोठ्या अपडेटनंतर प्रिंटर गप्प झाला तर आधी ड्रायव्हर नव्याने बांधून बघा.

पेन ड्राइव्हचं कारण व्हायरस नाही. कर्नल नवा झाला की जुन्या कर्नलची मॉड्यूलं (लागतील तेव्हा तो जोडून घेतो ते भाग) डिस्कवरून जातात, पण मशीन रीस्टार्ट करेपर्यंत जुनाच कर्नल चालू असतो. पेन ड्राइव्ह लावल्यावर तो आपलं मॉड्यूल शोधतो आणि ते जागेवर नसतं. माझ्या दुकानातही गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊनच येतं, म्हणून मी अपडेट दुकान बंद करताना करते आणि रीस्टार्ट करूनच शटर ओढते.

प्रश्न : वडिलांच्या कृषी सेवा केंद्रात बिलं आणि स्टॉकसाठी लिनक्स टाकायचं आहे. सगळ्यात नवं म्हणून आर्च टाकू का?
— एक वाचक, औसा

उत्तर : नको. काउंटरवर वडील बसणार आहेत आणि पेरणीच्या दिवसांत त्यांना टर्मिनल बघायला वेळ नसणार. डेबियन स्टेबल टाका. त्याची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, मधल्या काळात सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात, बाकी पॅकेजं जागची हलत नाहीत. तुम्हाला स्वतःला रोलिंग, म्हणजे आवृत्तीशिवाय सतत पुढे जाणारं लिनक्स, शिकायचं असेल तर घरच्या लॅपटॉपवर आर्च किंवा ओपनसुसे टंबलवीड घ्या. टंबलवीडमध्ये सगळा रेपो एक स्नॅपशॉट म्हणून ओपनक्यूए या चाचणी यंत्रणेवर आपोआप तपासला जातो आणि मगच बाहेर येतो. तिथे अपडेटसाठी ‘झिपर डुप’ वापरायचं, ‘झिपर अप’ नाही.